घरातील विजेच्या वस्तूंचा कचरा व आपले कर्तव्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी बाहेरून कोणी विदुषी येतात व आपण ऐकतो. यंदा आपल्यातल्याच एकीने बोलावे असे चिटणीसबाईंनी ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. तेव्हा शास्त्रातल्या मोठमोठ्या शब्दांची अपेक्षा माझ्याकडून कोणी ठेवू नये. मात्र घरात काय ठेवावे आणि काय टाकावे हे ठरवण्यात माझी बावीस वर्षे गेली आहेत. म्हणून विषयही त्यातलाच घेतला आहे. सरकारी नियम इंग्रजीत आहेत. ते माझ्या पुतणीने मला वाचून, मराठीत समजावून दिले. समजेपर्यंत मी तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिले, एवढेच श्रेय माझे.

आज घरी गेल्यावर आपापल्या माळ्यावर आणि कपाटाच्या खालच्या खणात एकदा नजर टाका. बंद पडलेले दोन-तीन मोबाईल असतील. त्यांचे चार्जर असतील, त्यातला कुठला कशाचा हे कोणालाच ठाऊक नसेल. जळालेला मिक्सर, तार तुटलेली इस्त्री, पेटीएवढा जुना टीव्ही, गेलेले दिवे, नळ्या, रिमोटमधले सेल, मुलांची मोटार, हे सारे निघेल. टाकवत नाही म्हणून ठेवलेले आणि उपयोग नाही म्हणून विसरलेले, असे हे सामान आहे.

आपल्या आईच्या, सासूच्या काळी घरात मोडके सामान नव्हते असे नाही. पण त्याची वाट ठरलेली होती. तांब्याला भोक पडले की कल्हईवाला किंवा तांबट ते बुजवी. अगदीच कामातून गेले की ते कासाराकडे मोडीत जाई. कासार जुन्याचे वजन करी, मोडीचा भाव लावी, आणि तेवढे पैसे वजा करून नवे भांडे देई. जुने भांडे भट्टीत जाऊन पुन्हा भांडेच होई. जो विकतो तोच जुने परत घेतो, ही रीत आपल्या गावोगावच्या बाजारात होती. त्यासाठी कायद्याची गरज पडली नाही, कारण पितळेत विष नव्हते आणि मोडीत दोघांचाही फायदा होता.

विजेच्या वस्तूंचे तसे नाही. त्यांत सोने आहे, तसेच विषही आहे, आणि दोन्ही एकाच डबीत बसवलेली आहेत. मोबाईलच्या आतल्या हिरव्या पाटीवर सोन्याचा बारीक मुलामा असतो. तांबे आणि चांदीही असते. जुन्या पेटीवजा टीव्हीच्या काचेत मात्र किलोच्या हिशेबात शिसे असते. ट्यूबलाइटमध्ये आणि वळशाच्या सी.एफ.एल. दिव्यात पारा असतो. काही जातींच्या सेलमध्ये कॅडमियम नावाची धातू असते, ती मूत्रपिंडाला वाईट. जुन्या फ्रिजमधला वायू नुसता सोडून दिला तर तो वर जाऊन पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या आवरणाला बाधतो. वस्तू धड आहे तोवर आपल्याला यातले काही त्रास देत नाही. ती फोडली, जाळली किंवा ॲसिडात बुडवली की मग सारे बाहेर पडते.

आता ही वस्तू आपल्या दारातून निघाल्यावर कुठे जाते ते पाहू. आपल्या गल्लीत भंगारवाला येतो. तो जुन्या फ्रिजचे चार पैसे आपल्या हातावर ठेवतो, आपला माळा मोकळा होतो आणि आपण दार लावून घेतो. त्याच्याकडून माल मोठ्या अड्ड्यावर जातो. देशभरातला पुष्कळ माल दिल्लीतल्या सीलमपूरकडे जातो. तिथे वस्ती-वस्तीत माणसे हाताने यंत्रे फोडतात. हिरव्या पाट्या पुष्कळशा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेस जात आल्या आहेत. मुरादाबाद हे पितळेच्या भांड्यांसाठी नाव मिळवलेले गाव. धातू ओळखणारे हात तिथे पिढ्यान् पिढ्यांचे आहेत. त्याच हातांनी तिथे पाट्या जाळल्या गेल्या, ॲसिडात धुतल्या गेल्या, आणि राख व पाणी रामगंगा नदीला मिळाले.

तांब्यासाठी तारा जाळणे तर फार दूर जाऊन पाहावे लागत नाही. संध्याकाळी गावाबाहेर काळा, नाकाला झोंबणारा धूर दिसतो, त्यात पुष्कळदा तारांवरचे प्लॅस्टिक जळत असते. त्या धुरातून डायॉक्झिन नावाची फार वाईट विषे तयार होतात. तारा जाळणाऱ्या माणसाजवळ त्याची बायको असते आणि आसपास पोरे खेळत असतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त बाधते. मुलांसाठी शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण आपल्या नातवंडांना दुधात साखर किती घालावी याचा विचार करतो. आपल्याच माळ्यावरून गेलेल्या वस्तूची राख कोणाच्या नातवंडांच्या तोंडात जाते, याचाही विचार करायला हवा.

यावर कोणी म्हणेल की मग भंगारवाल्याला दारात उभे करू नये. मला ते पटत नाही. भंगारवाला नसता तर आपले गाव कधीच अडगळीखाली गेले असते. तो प्रामाणिक कष्टाची भाकरी खातो. त्याला तारा जाळाव्या लागतात, कारण धूर न करता तांबे काढण्याचे यंत्र त्याच्याजवळ नाही आणि ते मिळवून देण्याची कोणाला गरज वाटलेली नाही. तो आपल्याला चार पैसे जास्त देऊ शकतो त्याचेही कारण हेच आहे. विष सांभाळण्याचा खर्च तो करत नाही. तो खर्च त्याच्या छातीवर आणि नदीवर पडतो. त्या चार पैशांत तो खर्च धरलेलाच नसतो, हे हिशेब ठेवणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना लगेच कळेल.

मग देशाने काय केले? आपल्या देशात या कचऱ्यासाठी वेगळे नियम २०११ साली झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. ज्याने वस्तू बनवून बाजारात आणली, त्याने ती मोडीत निघाल्यावरचीही जबाबदारी घ्यावी, हे त्यांचे मूळ. माझ्या मते हा कासाराचाच न्याय आहे. पुढे २०१६ साली नवे नियम आले. त्यांत कंपन्यांनी किती माल गोळा केलाच पाहिजे याची मात्रा ठरवून देण्याची सोय झाली. त्यानंतर २ नोव्हेंबर २०२२ ला पुन्हा नवे नियम निघाले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून चालू झाले. पूर्वी यादीत २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता १०६ आहेत. मोबाईल, टीव्ही, फ्रिज यांच्याबरोबर इस्त्री, ग्राइंडर, विजेवरची खेळणी हेही त्यात आले. सेल व बॅटऱ्यांसाठी २०२२ सालीच वेगळे नियम झाले.

नव्या नियमांची रीत थोडक्यात अशी. समजा एका कंपनीने दहा वर्षांपूर्वी अमुक इतके फ्रिज विकले. फ्रिजचे आयुष्य दहा वर्षे धरले, तर ते फ्रिज आता मोडीत निघणार. त्या वजनाच्या ठरावीक भागाची विल्हेवाट नीट लागली हे कंपनीने दाखवायचे. २०२३-२४ सालासाठी हा भाग शेकडा ६० होता, तो वाढत वाढत २०२७-२८ साली शेकडा ८० व्हायचा आहे. कंपनीने स्वतः भट्टी घालायची नाही. सरकारदरबारी नोंदलेला जो कारखाना माल फोडून त्यातले सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम नीट वेगळे काढील, त्याला प्रमाणपत्र मिळते आणि कंपनीने ते त्याच्याकडून पैसे देऊन घ्यायचे. या सर्वांवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची देखरेख. कारखान्याला फार कमी पैसे मिळाले तर तो काम नीट करणार नाही, म्हणून २०२४ साली घरगुती उपकरणांसाठी किलोला किमान २२ रुपये असा दर ठरवण्यात आला. काही मोठ्या कंपन्यांना तो जड वाटला आणि २०२५ साली त्यांनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. पैसा कोणाच्या पदरचा जायचा, यावर घरात जशी धुसफुस होते तशीच ती देशातही होते.

हा प्रश्न इतर देशांपुढेही आला. स्वित्झर्लंडने संगणक, फोन वगैरेंसाठी १९९४ साली देशव्यापी व्यवस्था सुरू केली. तिथे नवी वस्तू घेतानाच किमतीत थोडी रक्कम पुढच्या विल्हेवाटीसाठी धरलेली असते. वस्तू मोडली की ती तशा वस्तू विकणाऱ्या दुकानात नेऊन द्यायची. तुमच्याकडून घेतली होती का, असे दुकानदार विचारू शकत नाही आणि पैसेही मागू शकत नाही. जपानने फ्रिज, टीव्ही, कपडे धुण्याचे यंत्र व एअर कंडिशनर यांच्यासाठी १९९८ साली कायदा करून तो २००१ साली लागू केला. तिथे वस्तू देताना ग्राहकाने पैसे मोजायचे. काम शिस्तीने झाले, पण पैसे वाचवण्यासाठी काही लोक रात्री रानात फ्रिज टाकून येऊ लागले. खर्च सुरुवातीलाच घेतला तर तो जाणवत नाही, शेवटी मागितला तर माणूस पळवाट शोधतो. आपल्यालाही हे ओळखीचे आहे. भिशीचे पैसे आधी गोळा करतो ते याचसाठी.

जपानची आणखी एक गोष्ट सांगते. टोकियोच्या ऑलिंपिकची पदके त्यांनी जुन्या मोबाईल व लहान यंत्रांतून निघालेल्या धातूंची करायचे ठरवले. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत लोकांनी सुमारे ७९ हजार टन लहान यंत्रे दिली, त्यांत ६२ लाखांवर मोबाईल होते. त्यातून ३२ किलो सोने, सुमारे साडेतीन हजार किलो चांदी आणि बावीसशे किलो कांस्य निघाले, आणि त्याची सुमारे पाच हजार पदके झाली. आपण गुंजभर सोने वाढवताना किती विचार करतो! आणि तेच सोने आपल्या माळ्यावर धूळ खात असते. एकट्या मोबाईलमध्ये ते नखभरही नसते, म्हणून आपण हसून सोडून देतो. गावचे, जिल्ह्याचे एकत्र केले तर ते दिसू लागते. म्हणून हे काम एकेकट्या घराचे नाही. त्याला देशाची व्यवस्थाच हवी.

साऱ्या जगाचा हिशेब पाहिला तर २०२२ साली ६ कोटी २० लाख टन असा कचरा झाला आणि त्यातला शेकडा २२ च्या आसपासच रीतसर गोळा होऊन नीट वापरात आला. म्हणजे मागे आपण एकटेच आहोत असे नाही.

आता माझ्या मनातले मुख्य बोलते. नियम ऐकताना मी पुतणीला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, "यात मी कुठे आहे?" कंपनीचे काम लिहिले आहे, कारखान्याचे लिहिले आहे, दुरुस्ती करून पुन्हा विकणाऱ्याचे लिहिले आहे. मोठमोठ्या कचेऱ्या व संस्था यांनी आपला माल नोंदलेल्यांकडेच द्यावा, असेही लिहिले आहे. पण घरात एक मिक्सर आणि दोन मोबाईल असलेल्या बाईने ते नेमके कुठे नेऊन द्यावे, हे सांगणारी ओळ मला सापडली नाही. २०१६ च्या नियमांत कंपन्यांनी संकलन केंद्रे काढावीत असे होते, २०२२ च्या नियमांत तसा आग्रह राहिला नाही. कारखान्याला माल हवा आहे, माल आमच्या माळ्यावर आहे, आणि मधली वाट नाही. गावात मी एका दुकानात जळका मिक्सर घेऊन गेले, तिथूनच तो घेतला होता. "बाई, जुने आम्ही घेत नाही, भंगारात द्या," असे उत्तर मिळाले. दिल्लीतल्या कागदावर साखळी घट्ट आहे. तिची पहिली कडी आपल्या उंबऱ्यापाशी आहे, आणि तीच मोकळी सुटली आहे.

पहिली कडी सुटली की पुढचे सारे कागदावर चालण्याची भीती असते. प्लॅस्टिकच्या बाबतीत अशीच प्रमाणपत्रांची रीत आहे. तिथे २०२३ साली लाखोंनी खोटी प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. ज्या मालाला कोणी हात लावला नाही त्याचाही कागद तयार झाला! घराघरातून खरा माल निघाला आणि त्याची दारातच नोंद झाली, तर खोट्याला जागा कमी राहील.

नियमांत आपल्या कामाची एक गोष्ट मात्र आहे. हा कचरा गोळा करून वेगळा करण्याची व्यवस्था उभी राहावी यासाठी नगरपालिकेने मदत करायची आहे. तसेच या कामातल्या मजुरांची नोंद, त्यांचे शिक्षण आणि त्यांच्या प्रकृतीची काळजी राज्य सरकारने घ्यायची आहे. तेव्हा आपण मागायला गेलो तर ती मेहरबानी मागणे होणार नाही.

कोणी विचारील की असे कुठे जमले आहे का. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी, त्यांत बहुतेक बायकाच, १९९३ साली आपली संघटना केली. तिचे नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. ज्या बायकांना लोक उकिरड्यावरच्या म्हणत, त्या ओळखपत्र गळ्यात घालून घरोघर कचरा घेऊ लागल्या. भंगाराचे काम करणाऱ्यांना बाजूला न सारता व्यवस्थेत मानाने कसे घ्यावे, याचा हा आपल्या महाराष्ट्रातला धडा आहे. देशाच्या व्यवस्थेतही सीलमपूरच्या माणसाला, मुरादाबादच्या कारागिराला आणि आपल्या गल्लीत पोते घेऊन येणाऱ्या बाईला जागा हवी. त्यांनी माल गोळा करावा, निवडावा आणि त्याची मजुरी घ्यावी. जाळणे व ॲसिडात टाकणे तेवढे बंद व्हावे, आणि ते काम नीट यंत्रे असलेल्या कारखान्यात जावे.

आता आपण काय करायचे ते सांगते आणि थांबते. नव्या वस्तूचा मोह आवरणे आणि जुनी दुरुस्त करून वापरणे हे पहिले. चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे एक फेरी मारली तर पुष्कळ वेळा मिक्सर आणखी चार वर्षे चालतो. दुरुस्त होत नसेल तर तो घरी फोडू नये, आणि मुलांच्या हातीही देऊ नये. दिवा किंवा नळी फुटली तर खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर न्यावे, तुकडे झाडूने न ओढता जाड कागदावर घेऊन बरणीत बंद करावेत. मोबाईल देण्याआधी त्यातले फोटो व बँकेची माहिती मुलांकडून पुसून घ्यावी. सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, ती पेट घेते. ती उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. आणि यातले काहीही ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत टाकू नये.

मंडळापुढे मी एक ठराव मांडते. मंडळाच्या खोलीत एक झाकणाची पेटी ठेवावी आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लहान वस्तू तिथे घ्याव्यात. कोणी काय दिले त्याची वहीत नोंद ठेवावी. आपल्या गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्या बायकांना बोलावून, वाहतुकीचे काम आणि त्याची मजुरी त्यांनाच द्यावी. माल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या कारखान्यालाच जाईल आणि त्याची पावती आपल्याला मिळेल, एवढे पाहावे. तसेच मंडळाच्या सह्यांनी नगरपालिकेकडे एक अर्ज द्यावा. प्रत्येक भागात महिन्यातून एक दिवस आणि एक जागा या कामासाठी ठेवावी, गोळा झालेला माल कुठे गेला त्याचा फलक नगरपालिकेच्या दारात लावावा, आणि नवी वस्तू पोचवायला येणाऱ्या टेंपोतून जुनी परत नेण्याविषयी दुकानदारांना सांगावे, एवढे त्यात मागावे. कासार जे करत होता, तेच आपण मागत आहोत.

काहीजणी म्हणतील, पेटीत टाकले तर चार पैसे मिळणार नाहीत. खरे आहे, कदाचित नाहीत मिळणार. मोडक्या मोबाईलचे वीस-तीस रुपये सोडणे आपल्यातल्या पुष्कळजणींना जमेल. ज्यांना जमणार नाही, त्यांच्यावर कोणी बोट दाखवू नये. म्हणूनच तर देशाच्या व्यवस्थेने घरच्या बाईलाही योग्य मोल द्यावे, असे आपण अर्जात लिहू.

माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. ठरावाला अनुमोदन द्यायला कोणी पुढे आले, तर मला फार आनंद होईल. पेटीसाठी जुना लाकडी खोका आमच्या घरी आहे, तो उद्या सकाळी आणून ठेवते.